कॅरिअर आणि हँडल

नवशिक्यांवर दया करणाऱ्या माणसांपासून देवानं नवशिक्यांना वाचवावं, असं माझं बरेच दिवसांचं मत आहे. हसणाऱ्यांचं एक वेळ परवडतं. हसणारा हसतो, हसून दमतो आणि चहा प्यायला निघून जातो. दया करणारा जात नाही. तो तिथंच उभा राहतो, आपल्या हातातलं काम काढून घेतो आणि "असं करायचं असतं" म्हणत स्वतःच उरकून टाकतो. काम होतं. आपण होतो तिथंच राहतो.

ज्यांनी तासाच्या भाड्यानं आणलेल्या सायकलीवर सायकल शिकली, त्यांना हे फोडून सांगायला नको. त्या सायकलीला ब्रेक म्हणजे आपलेच दोन पाय असत, घंटी सोडून बाकी सगळं वाजत असे, आणि मागं कॅरिअर धरून एखादा मावसभाऊ धापा टाकत पळत असे. माझ्या मते जगातले यच्चयावत गुरू दोन जातींचे आहेत : कॅरिअर धरणारे आणि हँडल धरणारे. कॅरिअर धरणारा मागून पळतो. तोल गेला तर सावरतो, पडलोच तर उचलतो, पण जायचं कुठं हे तुमचं तुम्ही ठरवता. शिवाय एका क्षणी तो कॅरिअर सोडून देतो आणि वर तसं सांगतही नाही. हँडल धरणारा बाजूनं चालतो. सायकल खड्ड्यात जात नाही, गटारात जात नाही, म्हशीवरही जात नाही, सगळं कबूल. पण मग ती सायकल चालवतंय कोण?

ही जातिव्यवस्था आज उकरून काढायचं कारण म्हणजे एक व्हिडिओ गेम. कोपरगावात राहणाऱ्या आणि सत्तरीकडे झुकलेल्या माणसानं ऊस, कांदा, गोदावरीचं पाणी आणि पुढची निवडणूक हे विषय सोडून व्हिडिओ गेमवर लिहावं, हे आमच्या कट्ट्यावर कोणाला पटणार नाही. पण विषय गेमचा दिसतो तेवढा गेमचा नाही, हे शेवटापर्यंत वाचणाऱ्यांच्या ध्यानात येईल. न वाचणाऱ्यांनी कांद्याचे भाव बघावेत.

न्यू जर्सीला असलेला माझा पुतण्या सहकुटुंब सुट्टीला आला, तेव्हा त्याच्या बॅगेतून चॉकलेटांच्या पुड्यांबरोबर राखी रंगाचा एक ठोकळा निघाला. सुपर निन्टेन्डो नावाचं ते जुनं यंत्र त्यानं तिकडं सेकंडहँड घेतलं होतं. अमेरिकेतली वीज एकशेदहा व्होल्टची, आपली दोनशेतीसची, म्हणून मध्ये दुसरा एक ठोकळा लागला. तोही त्यानं आणला होता. यंत्राच्या डोक्यावर वहीच्या निम्म्या आकाराची एक प्लास्टिकची वडी खोचायची की टीव्हीवर खेळ सुरू. वडीवर नाव होतं 'फायनल फँटसी मिस्टिक क्वेस्ट'.

"काका, हा मुद्दाम आणला. नवशिक्यांसाठीच काढलेला आहे. नऊ वर्षांची मुलगीही खेळते, तुम्हीही खेळू शकाल," पुतण्या म्हणाला. नऊ आणि सत्तर ह्यांची त्यानं एका वाक्यात जी सांगड घातली, तिथंच माझे कान टवकारले.

ज्यांना ह्या प्रकाराची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा 'रोल प्लेइंग' जातीचा खेळ, म्हणजे सोंग घेऊन खेळायचा. आपण एका वीराचं सोंग घ्यायचं, गावोगाव हिंडायचं, राक्षस मारायचे, अनुभव मिळवायचा. अनुभव वाढला की पातळी वाढते, पातळी वाढली की ताकद वाढते. सरकारी नोकरीतल्या वार्षिक वेतनवाढीसारखंच हे, फक्त इथं अनुभव खरोखर यावा लागतो. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' ह्या नावानं हा खेळ कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन सुरू झाला. पुढं तो संगणकात शिरला. जपानात १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' आला आणि १९८७ साली स्क्वेअर नावाच्या कंपनीचा 'फायनल फँटसी'. नाव 'अंतिम' असलं तरी त्याचे भाग अजून निघताहेत. राजकारणातल्या निवृत्तीसारखंच हे.

आता मुख्य गोष्ट. जपानी पोरं हे खेळ महिनोन् महिने खेळत, पण अमेरिकेत त्यांचा खप बेताचाच होता. स्क्वेअर कंपनीनं निदान केलं की अमेरिकन गिऱ्हाइकाला हे झेपत नाही. तेव्हा त्याच्यासाठी सोपा करून, पाणी घालून, बी काढून एक खेळ मुद्दाम तयार केला आणि १९९२ साली तो अमेरिकेत चाळीस डॉलरला एक सेंट कमी अशा किमतीला विकायला ठेवला. तोच आमच्या दिवाणखान्यात येऊन पडला होता. त्याच १९९२ साली जपानला मालिकेचा पाचवा भाग मिळाला, खराखुरा, मिशा फुटलेला. अमेरिकेला तो रीतसर मिळाला १९९९ साली. मधली सात वर्षं अमेरिकन पोरं बालवाडीतच राहिली म्हणायची.

आता कोणी म्हणेल, अमेरिकेच्या पोरांचं बघायला अमेरिका समर्थ आहे, कोपरगावचं त्यात काय जातं? जातं. राक्षस, वीर, विद्या आणि मेलेला माणूस पुन्हा उठणं ह्या मालावर पहिला हक्क आमच्या गावाचा आहे. आमच्याकडं गोदावरीच्या काठी बेट नावाचा भाग आहे. तिथं शुक्राचार्यांचं मंदिर आहे. दैत्यांच्या गुरूचं देऊळ असलेली गावं किती असतील? जवळच कचेश्वर आहे. ह्या देवळात लग्न लावायचं तर मुहूर्त पाहावा लागत नाही, असं लोक मानतात. दैत्यगुरूच्या दारात मंगळ-शनीची काय बिशाद! संजीवनी विद्या इथलीच, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पुढं तेच नाव साखर कारखान्याला लागलं, इंजिनिअरिंग कॉलेजलाही लागलं. तेव्हा मेलेल्याला उठवायचं कसं ह्याबद्दल जपान्यांनी आम्हाला दोन गोष्टी सांगितल्या तर आम्हीही त्यांना दोन सांगणारच.

आधी गुण सांगतो, कारण गुण आहेत.

पहिला मोठा गुण हा, की ह्या खेळात मेलं तरी बिघडत नाही. लढाईत तुम्ही आडवे झालात की खेळ नम्रपणे विचारतो, पुन्हा लढायचं का? हो म्हणा, तीच लढाई पहिल्यापासून सुरू. ह्या जातीच्या इतर जुन्या खेळांत मेलात की शेवटचं जिथं नोंदवून ठेवलं असेल तिथपर्यंत मागं. दोन तासांची मेहनत पाण्यात. इथं लढाई सोडली तर बसल्या जागी कुठंही नोंद करून ठेवता येते. बायकोनं जेवायला हाक मारल्यावर "आलो, एवढा किल्ला होऊ दे" असं म्हणायची पाळी येत नाही. संसाराच्या दृष्टीनं ही सोय अमोल आहे.

दुसरा गुण, राक्षस दिसतात. जुन्या खेळांत मोकळ्या माळावर चार पावलं टाकली की हवेतून राक्षस प्रकट होतो. इथं ते आपापल्या जागी उभे असतात. आमच्या आळीतल्या कुत्र्यांसारखे. कोणतं अंगावर येईल ते आधी कळतं, जमलं तर वळसा घालता येतो. तिसरा गुण, हत्यारं नुसती मारामारीची नाहीत. कुऱ्हाडीनं झाड तोडून वाट काढता येते, पंजा रोवून भिंत चढता येते, बाँबनं दगड उडवता येतो. घरातल्या अडकित्त्यासारखी बहुगुणी हत्यारं. संगीत तर असं ठसकेबाज, की आमच्या हिनं स्वयंपाकघरातून "बंद करा ते" असं पहिल्या दिवशी म्हटलं आणि चौथ्या दिवशी भाकऱ्या थापताना तीच चाल गुणगुणली.

आणि माझा आवडता गुण म्हणजे राक्षसाला लागलं की त्याचा चेहरा बदलतो. निम्मी ताकद गेली की चित्र बदलतं आणि तो खरंच मार खाल्ल्यासारखा दिसायला लागतो. आकड्यांच्या ढिगापेक्षा हे नवशिक्याला चटकन कळतं. डॉक्टरांच्या कागदावरून आपल्याला आपलं दुखणं कळतं थोडंच? बायकोच्या चेहऱ्यावरून कळतं.

ह्या गुणांवर नाक मुरडणारा एक वर्ग आहे, त्याचा समाचार इथंच घेतो. पुतण्याचा एक कॉलेजमित्र त्याला भेटायला पुण्याहून आला. पडद्याकडं पाहून म्हणाला, "काका, हा खरा गेमच नाही. ह्यात मरणाला किंमतच नाही." खरा गेम म्हणजे 'डार्क सोल्स'. जपानचाच, २०११ सालचा. त्यात माणूस मरतो, मरतो आणि मरतो. म्हटलं, मग पुढं? म्हणाला, "पुढं पुन्हा उठतो आणि तिथपर्यंत चालत जातो." म्हणजे उठतो तोही! फरक एवढाच, की एकाला लढाईच्या दारातून परत पाठवतात आणि दुसऱ्याला लांबच्या थांब्यावरून. पायपिटीलाच पांडित्य म्हणायचं असेल तर आमच्याकडून पालखीबरोबर शिर्डीला जाणारे सगळेच पंडित.

ह्या कडक सोवळ्याच्या मंडळींना मी बेटातली गोष्ट सांगतो. देवांच्या गुरूचा मुलगा कच संजीवनी शिकायला शुक्राचार्यांकडं आला. दैत्यांना संशय आला. त्यांनी त्याला गुरं राखताना गाठून मारला आणि लांडग्या-कुत्र्यांना घातला. देवयानीनं बापाकडं हट्ट धरला, शुक्राचार्यांनी उठवला. पुन्हा मारला आणि चूर्ण करून समुद्रात कालवला. पुन्हा उठवला. तिसऱ्यांदा जाळला आणि राख मद्यात मिसळून खुद्द गुरूलाच पाजली. तरीही उठला. म्हणजे तीनदा मेला, तीनदा उठला. कच फुकटात पास झाला, असं महाभारतात कोणी म्हणत नाही. शिकायला आलेल्याला उठवत राहणं ह्यात गुरूला कमीपणा नाही आणि शिष्याला लाज नाही. खऱ्या आयुष्यात ही सोय कुठं आहे? राघोबादादा सालबाईच्या तहानंतर कोपरगावी येऊन राहिले आणि १७८३ साली इथंच वारले. पेशवाईचा डाव दुसऱ्यांदा मांडायचा का, असं त्यांना कोणी विचारलं नाही. जिथं विचारता येतं तिथं तरी विचारावं. ह्या बाबतीत स्क्वेअर कंपनी पक्की कॅरिअर धरणारी ठरली. तिला माझा मुजरा.

आता दोष.

नकाशावर वीर मोकळा फिरत नाही. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणाऱ्या वाटा आखलेल्या असतात आणि कुठं जाता येईल ते बाण दाखवतात. बाण नाही तिकडं पाऊल पडत नाही. वीर म्हणायचं आणि चालवायचं एस.टी.सारखं. त्यातही एस.टी. निदान कधीतरी चुकीच्या फलाटावर लागते.

चिलखत सापडलं की ते आपोआप अंगावर चढतं, जुनं आपोआप जातं. ढाल तशीच, शिरस्त्राण तसंच. लढाईला निघालेल्या वीराला आज काय घालू, एवढाही प्रश्न पडत नाही. आमच्या घरी लग्नाला निघताना मला जेवढं स्वातंत्र्य असतं तेवढंच.

जोडीला एक सोबती असतो. ठरलेल्या वेळी येतो, ठरलेल्या वेळी जातो. कोण यावा हे आपण ठरवत नाही. त्याची पातळी सुरुवातीला आपल्यापेक्षा वरची असते, आणि 'त्याचं तो बघेल' असं बटण दाबून ठेवलं की तो स्वतःच्या मतानं लढतो. बऱ्याचदा त्याच्याच हातून राक्षस मरतो. आपण शेजारी उभे. मुलाच्या मुंजीतल्या बापासारखे, मान भरपूर आणि काम काही नाही. शिवाय वाटेवर जागोजाग रणांगणं आहेत. एकेका रणांगणावर दहा लढाया. लढा, जिंका, लढा, जिंका. पहिलीत मजा येते, तिसरीत सवय होते, सातवीत जांभई येते, दहावीला बक्षीस मिळतं. घोकंपट्टी आणखी वेगळी काय असते?

आणि कथा? बेंजामिन नावाच्या पोराचा गाव कोसळतो, ढगावर बसलेला एक म्हातारा येतो आणि भविष्यवाणीतला वीर तूच असं सांगतो. पोरगा खांदे उडवतो. सबंध खेळात त्याचं हे खांदे उडवणंच मला सर्वांत खरं वाटलं. जन्माचे निर्णय दुसऱ्यानं घेतले की माणूस दुसरं काय उडवणार?

पण ह्या सगळ्याला मी 'सोपा आहे' म्हणून नावं ठेवत नाही. सोपं असणं हा गुन्हा नव्हे. पुरणपोळीपेक्षा मुगाची खिचडी सोपी असते आणि आजारातून उठलेल्याला तीच देतात. माझा आक्षेप खिचडीला नाही, घास भरवण्याला आहे.

नीट पाहा. नवशिक्या घाबरतो कशाला? निवड करायला? मुळीच नाही. लहान मुलाला दुकानात उभं करा आणि दोन गोळ्यांतली एक निवड म्हणा. तासभर निवडत बसेल, दुकानदार घाबरेल, मूल घाबरणार नाही. नवशिक्या घाबरतो तो निवड चुकल्यावर जे भरावं लागतं त्याला. रागावतील, हसतील, पैसे जातील, सगळं पहिल्यापासून करावं लागेल, ह्याची ती भीती. आणि नेमकी हीच भीती ह्या खेळानं पहिल्या झटक्यात काढून टाकली होती! हरलात तर पुन्हा लढा, फुकट. मग चुकीचं चिलखत घालून मी एकदा मार खाल्ला असता तर कोणाचं काय गेलं असतं? आडवाटेला जाऊन एखाद्या दांडग्या राक्षसाच्या तोंडी पडलो असतो तर उठून परत आलो असतो. जिथं चूक स्वस्त करून ठेवली, तिथं तर निवडीची लयलूट करायला हवी होती. ह्यांनी क्षमा उदारपणे दिली आणि क्षमा मागण्याजोगं काही करायची सोयच ठेवली नाही. आधी कॅरिअर घट्ट धरलं, मग पुढं येऊन हँडलही धरलं.

आपली सापशिडी ह्यापेक्षा परवडली. तिच्यात तर निवडायला काहीच नसतं, सगळा कवड्यांचा किंवा फाशाचा कारभार. पण अठ्ठ्याण्णवावरचा साप खाली आणतो तेव्हा काळीज तरी हलतं. ज्या खेळात हरायचंही नाही आणि ठरवायचंही नाही, त्यात खेळणाऱ्याचं काम बटण दाबण्यापुरतं उरतं. दारावरची घंटा वाजवतानाही आपण तेच करतो.

हा प्रश्न पडद्यावर संपला असता तर मी लेखणी उचलली नसती. घरोघरी काय चाललंय पाहा. सत्तरीचा माणूस फोनवरून विजेचं बिल भरायला बसतो. चष्मा लावतो, एक बटण दाबतो, दुसरं शोधतो. मुलगा तीस सेकंद धीर धरतो. मग, "बाबा, द्या इकडं." टिक, टिक, टिक, भरलं. पुढच्या महिन्यात पुन्हा बाबा, पुन्हा चष्मा, पुन्हा द्या इकडं. मुलगा मनानं चांगला असतो. म्हाताऱ्याला त्रास नको, हाच त्याचा हेतू. पण एकेक बटण करत म्हाताऱ्याच्या आयुष्याचं हँडल त्याच्या हातून जातं. बिल, मग बँक, मग औषधाच्या गोळ्या, मग कुठं जायचं आणि कधी झोपायचं. शेवटी त्याच्याकडं खांदे उडवणं तेवढं उरतं. नव्या सुनेच्या हातातलं लाटणं काढून घेणारी सासू तीच. शिकाऊ पोराला वर्षभर पाने पुसायला लावून इंजिनाला हात लावू न देणारा मेकॅनिक तोच. आणि परीक्षेत काय येईल ते छापून, उत्तरंही छापून, पोरांना पाठ करायला देणारं गाइड तर ह्या सर्वांचा मुकुटमणी. पोरगं पास होतं. विचारा त्याला, काय शिकलास? खांदे उडवतं.

"पण काका," पुतण्या म्हणाला, "सगळं मोकळं सोडलं तर नवा माणूस गोंधळतो आणि खेळ टाकून देतो. कंपनीला धंदा करायचाय." हा मुद्दा खोटा नाही. पण आपल्या पुण्यातल्या पोरांनी त्याला थोडं उत्तर दिलंय. नॉडिंग हेड्स गेम्स नावाच्या पुण्याच्या मंडळींनी २०२० साली 'राजी' हा खेळ काढला. जात थोडी वेगळी, मारामारीची आणि भटकंतीची. राजी नावाची मुलगी दैत्यांनी पळवलेल्या भावाला सोडवायला निघते, दुर्गेचा त्रिशूळ चालवते आणि तिची कथा दुर्गा आणि विष्णू सांगतात. खेळ अवघड नाही. पण मिळालेली ताकद कुठल्या शक्तीवर लावायची हे आपण ठरवायचं, आणि नाही पटलं तर काढून दुसरीकडं लावायचं. चूक स्वस्त आणि निवड आपली, दोन्ही एका ठिकाणी. त्याचा दोष निराळा : पाच-सहा तासांत खेळ आटोपतो आणि शेवट असा तुटतो, की मालिकेचा भाग संपल्यासारखं वाटतं. पण जेवण कमी पडलं ही तक्रार वेगळी आणि भरवलं ही तक्रार वेगळी.

शिकवणं म्हणजे काय, हे पाहायला मी पुन्हा बेटात जातो. तिसऱ्या वेळी कच गुरूच्याच पोटात होता. त्याला उठवावं तर गुरूचं पोट फुटणार, न उठवावं तर देवयानी जीव देणार. तोवर सगळी संजीवनी गुरूच्या हातात होती. मारणारे मारत, गुरू मंत्र म्हणे, शिष्य उठे. हजार वर्षं असंच चाललं असतं तरी कच कच्चाच राहिला असता. पण आता शुक्राचार्यांना कॅरिअर सोडावं लागलं. पोटातल्या शिष्याला त्यांनी विद्या दिली. कच बाहेर आला, तेव्हा गुरू समोर मरून पडले होते. सांगायला कोणी नाही, बाण दाखवायला कोणी नाही. त्यानं स्वतः मंत्र म्हटला आणि गुरूला उठवलं. खाडिलकरांनी १९१३ साली ह्या कथेवर 'विद्याहरण' नाटक लिहिलं, पण मला त्यात हरण दिसत नाही. विद्या त्या क्षणी हातात आली, कारण त्या क्षणी हातातलं हँडल पहिल्यांदा त्याचं स्वतःचं होतं.

तेव्हा नवशिक्यांचा कैवार घेणाऱ्या तमाम कंपन्यांकडं, मुलांकडं, सासवांकडं आणि गाइडवाल्यांकडं आमची मागणी एवढीच : पडलो तर उचला, हवं तितक्या वेळा उचला, उचलताना हसलात तरी चालेल. पण कुठं जायचं, काय घालायचं आणि कुणाबरोबर जायचं हे आम्हाला ठरवू द्या. चिलखत उलटं घातलं तर तो आमचा प्रश्न आहे.

राहता राहिला खेळाचा शेवट. शेवटच्या किल्ल्यात काळा राजा भेटतो आणि मोठ्या खुशीत सांगतो की ती भविष्यवाणी मीच पूर्वी पसरवली होती! सबंध खेळ ज्या बाणांमागं आपण चाललो, त्यांतला पहिला बाण खुद्द शत्रूचा. पुतण्यानं मुलीला सांगून ठेवलं होतं, सगळ्यात जबर हत्यार काढ आणि मार. मार लागेल तसा तो राजा रूप बदलत गेला आणि दर रूप आधीच्यापेक्षा भयंकर. नात थांबली. म्हणाली, "आजोबा, मारलं की हा आणखी वाईट होतो. बरं केलं तर पहिल्यासारखा होईल का?"

पुतण्या "अगं, काय करतेस?" म्हणून हात पुढं करत होता. मी त्याचा हात धरला. तिनं आपल्या माणसांना बरं करायचा मंत्र काढला आणि शत्रूवर टाकला.

आता ह्या खेळाच्या हिशोबात एक चूक राहून गेली आहे, ती जाणकारांना ठाऊक आहे. काळ्या राजाची ताकद एवढी मोठी, की त्याला बरं करायचा आकडा यंत्राच्या मापाबाहेर जातो आणि उलटा होऊन त्याच्यावरच आदळतो. कुठल्याही तलवारीनं लागला नसता इतका मार त्याला औषधानं लागला. आणखी थोड्या औषधात काळा राजा संपला. नात हिरमुसली, पुतण्या अवाक् झाला. कंपनीनं आखलेल्या साऱ्या खेळात न आखलेली अशी ती एकच वाट होती, आणि नऊ वर्षांच्या नवशिकीनं ती स्वतःच्या डोक्यानं काढली होती.